कणीएवढ्या भागाचें नांव

आधीं निदान आणि मागाहून चिकित्सा, हा वैद्यकांतला क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. यंत्राच्या दुरुस्तीलाहि तोच नियम लागू पडतो. यंत्र बंद पडलें म्हणजे त्यांतील कोणता भाग निकामी झाला हें प्रथम कळावें लागतें. तो भाग धडधाकट होता तेव्हां काय होता, हें त्यानंतर कळावें लागतें. आणि मगच त्याच्या जागीं दुसरा बसवितां येतो. ह्यांपैकीं दुसरा प्रश्न एके काळीं विचारावाच लागत नसे, कारण भागाचें नांव भागावरच लिहिलेलें असे. आज घरांतील दूरचित्रवाणी यंत्र, कपडे धुण्याचें यंत्र किंवा हातांतील फोन उघडून पाहिला, तर हिरव्या फलकावर तांदळाच्या कणीएवढे, कांहीं तर रव्याच्या दाण्याएवढे शेंकडों भाग चिकटलेले दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांवर एक अक्षरहि नसतें. भाग लहान होत गेला तसें त्याचें नांवहि आखडत गेलें आणि शेवटीं पुसलें गेलें. हें कसें घडलें, आणि तें नांव पुन्हां शोधून काढण्यासाठीं कारागिरांनीं कोणते मार्ग काढले, ही हकीकत केवळ तंत्राची नाहीं. विकत घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची सत्ता कोठवर चालते, ह्या प्रश्नाशीं ती शेवटीं येऊन भिडते.

आरंभ कांचेच्या दिव्यापासून करावा लागतो. १९०४ सालीं इंग्लंडमध्यें जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनीं दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला, आणि १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्यांत तिसरा ध्रुव घातला. पुढील जवळजवळ अर्धें शतक नभोवाणीचा सारा व्यवहार ह्या कांचेच्या नळ्यांवर चालला. व्हॉल्व्ह हा स्वभावतःच अल्पायुषी. विजेच्या दिव्याप्रमाणें त्याच्या पोटांतील तंतु तापतो, झिजतो आणि एक दिवस तुटतो. तो आज ना उद्यां बदलावा लागणार, हें गृहीत धरूनच रेडिओयंत्राची रचना झाली. व्हॉल्व्ह डाख देऊन पक्का केलेला नसे; तो खोबणींत नुसता खोंचलेला असे. त्याच्या कांचेवर किंवा बुडाशीं त्याचा क्रमांक छापलेला असे. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्यानंतरच्या काळांत ज्या घरांत रेडिओ आला, त्या घरांतील मनुष्याला विजेचें शास्त्र अवगत नसलें तरी विझलेली नळी उपटून, तिच्यावरील क्रमांक दुकानदाराला दाखवून नवी आणणें शक्य होतें. पुढें अमेरिकेंत तर औषधांच्या दुकानांतून व्हॉल्व्ह तपासण्याचीं यंत्रें ठेवलेलीं असत. गिऱ्हाइकानें घरून नळ्या आणाव्या, स्वतः तपासाव्या आणि निकामी असेल तेवढी बदलून न्यावी.

व्हॉल्व्हखेरीज यंत्रांत दुसरेहि भाग असत. विद्युत्प्रवाहाला मापून अडविणारा रेझिस्टर आणि विद्युद्भार सांठवून ठेवणारा कंडेन्सर हे त्यांतले मुख्य. हे भाग गोल व बारीक असल्यामुळें त्यांवर आंकडे छापले तरी ते झिजून जात, किंवा नेमके खालच्या बाजूला येत. ह्यावर अमेरिकेंतील कारखानदारांनीं एक सुंदर तोड काढली. १९२४ सालीं स्थापन झालेल्या रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ह्या त्यांच्या मंडळानें रंगांची एक भाषा ठरविली. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पांच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ आणि पांढरा नऊ. रेझिस्टरवर पिवळी, जांभळी आणि तांबडी अशीं तीन कडीं असलीं, तर चार, सात आणि पुढें दोन शून्यें, म्हणजे ४,७०० ओहम. कडें भागाच्या सर्व बाजूंनीं फिरतें. म्हणून तो कसाहि बसविला तरी नांव वाचतां येतें. मधोमध जळून काळा पडलेल्या रेझिस्टरचेंहि एखादें कडें बहुधा शिल्लक राहतें, आणि तेवढ्या खुणेवरून कारागीर पुढचा तर्क करतो.

ह्या तर्काला आणखी एक आधार मिळाला. रेझिस्टर वाटेल त्या मूल्याचे करण्याऐवजीं कांहीं ठराविक पायऱ्यांचेच करावे, असा प्रघात पडला, आणि १९५२ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगानें त्या पायऱ्यांना प्रमाणभूत स्वरूप दिलें. दहा, बारा, पंधरा, अठरा, बावीस, सत्तावीस, तेहतीस, एकोणचाळीस, सत्तेचाळीस, छपन्न, अडुसष्ट आणि ब्याऐंशी ह्या बारा आंकड्यांची माळ पुन्हां पुन्हां दसपट होत जाते. प्रत्येक मूल्यांत शेंकडा दहांची चूक धरली, तरी एका पायरीची हद्द दुसरीला जाऊन मिळते आणि मध्यें रिकामी जागा राहत नाहीं. कारखानदारानें ही माळ आपल्या सोयीसाठीं स्वीकारली, पण तिचा लाभ दुरुस्ती करणाराला झाला. अर्धवट जळलेला रेझिस्टर मोजून ४,६०० भरला, तर तो मुळांत ४,७०० चा असला पाहिजे हें तो जवळजवळ निःशंकपणें म्हणूं शकतो. संभाव्य नांवांची यादीच आंखूड असल्यामुळें हरवलेलें नांव सांपडणें सोपें झालें.

यंत्राचा आराखडाहि त्या काळीं गुपित नव्हता. पुष्कळ रेडिओंच्या पेटीच्या आंतल्या बाजूस तो चिकटविलेला असे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत जॉन रायडर यांनीं निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आराखडे एकत्र करून त्यांचे जाडजूड ग्रंथ काढण्यास आरंभ केला; त्या मालेचे तेवीस खंड झाले. खोबण, क्रमांक, रंग आणि आराखडा ह्या चार गोष्टींवर सामान्य दुरुस्तीदाराचा संसार उभा होता.

पुढचा फेरफार झाला तो तारांच्या गुंत्यांत. जुन्या यंत्रांत प्रत्येक जोड हातानें तार वळवून व डाख देऊन केलेला असे. व्हिएन्नांत १९०७ सालीं जन्मलेले पॉल आयस्लर हे ज्यू अभियंते १९३६ सालीं इंग्लंडमध्यें आश्रयाला आले. विजेच्या वाटा तारांनीं विणण्याऐवजीं तांब्याच्या पातळ पत्र्यावर छापाव्या आणि नको असलेलें तांबें रसायनानें खाऊन टाकावें, ही कल्पना त्यांनीं प्रत्यक्षांत आणून एक रेडिओ तयार केला आणि १९४३ सालीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धांत, लक्ष्याजवळ येतांच आपोआप उडणाऱ्या तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्यें अमेरिकनांनीं छापील विद्युन्मार्गांचा उपयोग केला. युद्ध संपल्यावर, १९४९ सालीं, अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधील मो अब्रॅमसन व स्टॅनिस्लॉस डँको यांनीं छापील फलकाला भोंकें पाडून भागांचे पाय त्यांतून ओंवावे आणि फलकाची पाठ एकदमच वितळलेल्या डाखांत बुडवावी, अशी रीत बसविली. तिचें पेटंट १९५६ सालीं मिळालें. त्याच सुमारास व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टर घेऊं लागला. तो बेल प्रयोगशाळेंत डिसेंबर १९४७ मध्यें जन्मला होता. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकले हे त्याचे जनक.

भाग आतां खोबणींतून निघून डाखानें जखडला गेला. तो उपटून काढतां येईना. त्यासाठीं सोल्डरिंग आयर्न हातीं धरणें आलें. तथापि भाग अजून बोटांत धरण्याइतका मोठा होता. त्याला पाय होते आणि अंगावर नांव होतें. रस्त्याकडेच्या दुकानांत बसणाऱ्या कारागिराला हें काम शिकतां आलें, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व पुण्याच्या तपकीर गल्लींत सुट्या भागांच्या दुकानांची जी रांग उभी राहिली, ती ह्याच कामाच्या आधारावर.

पाय गळाले ते १९६० नंतरच्या दशकांत. चंद्रावर मनुष्य पाठविण्याच्या उद्योगांत वजनाचा प्रत्येक कण मोलाचा होता. सॅटर्न अग्निबाणाला दिशा दाखविणाऱ्या आयबीएमच्या गणकयंत्रांत सुमारें साडेसात मिलिमीटर चौरस अशा चिनी मातीच्या चकत्या फलकाला भोंक न पाडतां त्याच्या पृष्ठावरच डाखानें बसविल्या होत्या. पृष्ठावर बसविण्याच्या ह्या पद्धतीचा पसारा १९८० नंतर झपाट्यानें वाढला. तिचें यंत्रशास्त्र साधें, पण चतुर आहे. डाखाचे सूक्ष्म कण आणि फ्लक्स यांचें लोणी करून तें जाळीदार पत्र्यांतून फलकावरील तांब्याच्या ठिकऱ्यांवर पसरतात. यंत्राची चोंच एकेक भाग उचलून त्या लोण्यावर ठेवते. मग सारा फलक भट्टींतून जातो. डाख वितळतो आणि त्याच्या पृष्ठताणानें किंचित् वांकडा पडलेला भागहि ओढला जाऊन सरळ बसतो. मनुष्याचा हात न लागतां हजारों जोड एका दमांत पुरे होतात.

ह्या पद्धतीचे गुण नाकारणें अन्यायाचें होईल. फलकाला भोंकें पाडण्याचा खर्च वांचला, दोन्ही बाजूंना भाग बसूं लागले, आंखूड वाटांमुळें जलद संकेत बिनचूक जाऊं लागले, आणि यंत्रें स्वस्त व हलकीं झालीं. खिशांत मावणारा फोन दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें झाला नसता. परंतु ह्या लाभाची किंमत भागाच्या आकारांत चुकती झाली. ह्या भागांचीं मापें चार आंकड्यांनीं सांगतात, आणि ते आंकडे इंचाच्या शतांशांचे असतात. ‘१२०६’ म्हणजे लांबी बारा शतांश इंच आणि रुंदी सहा शतांश. त्याच्यामागून ‘०८०५’, ‘०६०३’, ‘०४०२’ असे आकार उतरत गेले. ‘०४०२’ हा एक मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद असतो; ‘०२०१’ त्याहून लहान, ०.६ गुणिले ०.३ मिलिमीटर. आणि येथें नांवाचा एक विलक्षण घोटाळा होतो. इंचाच्या भाषेंत ज्याला ‘०२०१’ म्हणतात, त्यालाच मिलिमीटरच्या भाषेंत ‘०६०३’ म्हणतात. आणि इंचाच्या भाषेंतला ‘०६०३’ हा त्याच्या कितीतरी पट मोठा, निराळाच भाग असतो. नुसता आंकडा पाहून मागविलेला भाग जागेवर न बसल्याचा अनुभव म्हणूनच अनेकांना येतो.

एवढ्या अंगावर नांव लिहावें कसें? मोठ्या आकाराच्या रेझिस्टरवर तीन आंकडे छापूं लागले. ‘४७२’ म्हणजे सत्तेचाळीस आणि पुढें दोन शून्यें, अर्थात् रंगीत कड्यांचीच भाषा आंकड्यांत. दशांशचिन्ह पुसलें जाण्याची भीति, म्हणून त्याच्या जागीं इंग्रजी ‘आर’ अक्षर. ‘४आर७’ म्हणजे ४.७ ओहम. अधिक अचूक रेझिस्टरांसाठीं दोन आंकडे व एक अक्षर अशी दुसरी सांकेतिक भाषा निघाली. तींत ‘०१सी’ म्हणजे दहा हजार ओहम; येथें ‘०१’ हें मूल्य नसून कोष्टकांतील पहिल्या ओळीचा क्रमांक आहे, हें ठाऊक नसणारा फसतो. इंग्रजी आंकडे उलटे धरले तर ६८१ चे १८९ होतात. पहिलें वाचन ६८० ओहम सांगतें, तर दुसरें अठरा हजार दशलक्ष; असलें मूल्य साध्या विद्युत्मंडलांत संभवतच नाहीं, आणि कारागीर फलक फिरवून पुन्हां वाचतो. तीन पायांच्या ट्रान्झिस्टरवर दोनतीन अक्षरांपुरतीच जागा उरली. तीं अक्षरें प्रत्येक कारखान्यानें आपापल्या मनानें योजलीं, आणि परिणामीं एकच खूण दोन निराळ्या भागांवर आढळूं लागली. सर्वांत लहान रेझिस्टरांवर कांहींच छापीत नाहींत. चिनी मातीचे बदामी रंगाचे कंडेन्सर तर बहुधा प्रथमपासूनच मुके.

जीं चिन्हें उरलीं, त्यांतहि सापळे आहेत. टँटलम धातूच्या चपट्या कंडेन्सरवरील पट्टा धन टोक दाखवितो. ॲल्युमिनियमच्या डबीसारख्या कंडेन्सरवरील काळा पट्टा ऋण टोक दाखवितो. एकाची संवय दुसऱ्यावर लादली, तर यंत्र सुरू करतांच टँटलमचा भाग पेट घेतो. नांवाची चूक येथें आगीच्या रूपानें प्रकट होते.

अशा स्थितींत निकामी भाग ओळखावयाचा कसा? कारागिराचीं पहिलीं साधनें अजूनहि डोळा, नाक आणि स्पर्श हींच आहेत. भिंगाखालीं फलक तिरप्या उजेडांत धरला म्हणजे चीर, फुगवटा, करपलेली कड किंवा निस्तेज डाख दिसतो. पण चिनी मातीच्या कंडेन्सरचा रोग पुष्कळदां दिसत नाहीं. ह्या कंडेन्सरच्या पोटांत धातूचे व मातीचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात. फलक वांकला, फोन हातांतून पडला, किंवा एखादा खिळा जोरानें आवळला गेला, तर थरांना तडा जातो. धातूचे दोन थर एकमेकांना भिडतात आणि बाहेरून निरोगी दिसणारा हा कण साऱ्या यंत्राचा वीजपुरवठा गिळून बसतो. पुरवठ्याच्या एकाच वाटेवर असे वीसपंचवीस कंडेन्सर शेजारी शेजारी बसलेले असतात. मीटर लावला तर सगळेच दोषी दिसतात, कारण ते सर्व एकाच वाटेला जोडलेले असतात. येथें कारागीर एक जुनी युक्ति वापरतो. त्या वाटेवर अगदीं अल्प दाबाची वीज सोडून फलकावर शुद्ध अल्कोहोलचा पातळ थर पसरावयाचा. ज्या कंडेन्सरमधून प्रवाह निसटतो तो तापतो, आणि त्याच्यावरचें अल्कोहोल सर्वांआधीं उडून जातें. ओल्या फलकावर एकच कोरडा ठिपका उमटतो, आणि गुन्हेगार सांपडतो. सधन दुकानांतून ह्याच कामासाठीं उष्णता दाखविणारा कॅमेरा वापरतात.

दोषी भाग सांपडला, तरी त्याचें नांव सांपडलेलें नसतें. तो जळून कोळसा झाला असेल, तर कारागिराला इतिहाससंशोधकाचेंच काम करावें लागतें. फलकावर भागाशेजारीं ‘आर’, ‘सी’ किंवा ‘क्यू’ असें अक्षर व एक क्रमांक असतो. त्यावरून जात कळते, मूल्य कळत नाहीं. आराखडा हातीं असेल तर क्रमांकावरून मूल्य मिळतें. तो नसेल तर त्याच फलकावर त्या भागाचें जुळें भावंड शोधावें लागतें. ध्वनियंत्रांत डाव्या व उजव्या बाजूचीं मंडलें सारखींच असतात, तेव्हां निरोगी बाजू रोगी बाजूची साक्ष देते. तेंहि नसेल तर त्याच जातीचें दुसरें बंद यंत्र मिळवून त्यांतला भाग काढतात. मुका कंडेन्सर काढून मोजला तर त्याची धारणशक्ति कळते, परंतु तो किती दाब सोसण्यासाठीं केला होता हें मोजून कळत नाहीं. शिवाय त्याच्या मातीची जात कळावी लागते. कांहीं जातींच्या कंडेन्सरवर विजेचा दाब चढला म्हणजे त्यांची धारणशक्ति बरीच घटते. मीटरवर योग्य ठरलेला भाग चालू यंत्रांत उणा पडतो. म्हणून शहाणा कारागीर भाग कोणत्या वाटेवर बसला आहे, तेथें किती दाब आहे, हें पाहून त्याहून सोशीक भाग निवडतो.

त्यानंतरची क्रिया हाताची. येथेंहि इतिहासानें एक वळण घेतलें. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला डाख त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसें यांचा असे, आणि तो १८३ अंश सेंटिग्रेडला वितळे. शिशाचें विष जमिनींत व पाण्यांत उतरतें म्हणून युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत त्याच्या वापरावर बंधन घातलें. त्याच्या जागीं कथील, रुपें व तांबें यांचा जो डाख आला, तो सुमारें २१७ अंशांना वितळूं लागतो. ह्या चौतीस अंशांच्या फरकानें कारागिराचें काम अवघड केलें. अधिक उष्णता म्हणजे फलकावरील तांब्याची ठिकरी उचकटून येण्याचा अधिक धोका. म्हणून भाग काढतांना प्रथम फ्लक्स लावून दोन्ही टोकांना थोडा जुन्या धाटणीचा डाख मुद्दाम पाजतात. दोन्ही मिसळले म्हणजे वितळण्याची पातळी खालीं येते, आणि तापलेल्या चिमट्यानें किंवा गरम हवेच्या झोतानें भाग जोर न लावतां अलगद सुटतो. जागा साफ केल्यावर नव्या भागाचें एक टोक आधीं टेंकवितात, सरळ बसल्याची खात्री झाली म्हणजे दुसरें जोडतात, आणि अखेर पहिल्या टोकाकडे परतून तेथील जोड पक्का करतात. चिनी मातीच्या कंडेन्सरला तापलेल्या लोखंडाचा थेट स्पर्श होऊं देत नाहींत. अचानक चढलेल्या तापानें त्यालाच तडा जातो, आणि ज्या रोगासाठीं शस्त्रक्रिया केली तोच रोग नव्या भागांत पेरला जातो.

ह्या कलेनें काय वांचवितां येतें, ह्याचें एक उदाहरण सर्वश्रुत आहे. ॲपल कंपनीचें मॅकिन्टॉश एसई/३० हें गणकयंत्र जानेवारी १९८९ मध्यें विक्रीस आलें आणि १९९१ सालीं त्याचें उत्पादन बंद झालें. त्याच्या मुख्य फलकावर पृष्ठावर बसविलेले ॲल्युमिनियमचे लहान कंडेन्सर होते. वर्षें लोटलीं तसा त्यांच्या पोटांतील द्रव झिरपून बाहेर आला आणि शेजारच्या तांब्याच्या वाटा कुरतडूं लागला. प्रथम आवाज क्षीण झाला. मग पडद्यावर चित्राऐवजीं नुसते पट्टे उमटूं लागले. ज्यांनीं यंत्र मेलें असें समजून तें टाकून दिलें, त्यांचें तें गेलें. पण ह्या कंडेन्सरांच्या डोक्यावर त्यांचीं मूल्यें छापलेलीं होतीं. हौशी मंडळींनीं तीं वाचलीं, जुने भाग काढले, फलक धुतला, कुरतडलेल्या वाटा बारीक तारेनें सांधल्या आणि नवे भाग बसविले. तीस वर्षांहून जुनीं तीं यंत्रें पुन्हां चालूं लागलीं. फलकावरील मुख्य मेंदू शाबूतच होता. बिघडले होते ते केवळ मूठभर कंडेन्सर, आणि त्यांना नांव होतें म्हणून यंत्र वांचलें.

नांव नसतें तेव्हां काय होतें, ह्याचें उत्तर कचऱ्याच्या ढिगाऱ्यांत आहे. संयुक्त राष्ट्रांशीं संबद्ध असलेल्या संस्थांच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लक्ष टन विद्युत् उपकरणांचा कचरा निर्माण झाला, आणि त्यांपैकीं शेंकडा २२.३ भागाचेंच रीतसर संकलन व पुनश्चक्रण झाल्याची नोंद आहे. हा सारा ढीग कणीएवढ्या भागांमुळें झाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु कांहीं पैशांचा एक कंडेन्सर बदलण्याऐवजीं हजारोंचा फलकच बदला, असा सल्ला मिळतो तेव्हां पुष्कळजण नवी वस्तु घेणेंच पत्करतात, हें खरें. एके काळीं पेटीच्या आंत चिकटविलेला आराखडा आज बहुतेक कारखानदार व्यापारी गुपित म्हणून जपतात. कोणी विशिष्ट भाग केवळ आपल्यासाठीं करवून घेतात आणि तो खुल्या बाजारांत विकूं देत नाहींत. क्वचित् भागावरचें नांव खरवडूनहि काढतात. आकारामुळें गेलेलें नांव ही भौतिक अडचण होती. गुपितामुळें गेलेलें नांव हा मनुष्याचा निर्णय आहे.

ह्या निर्णयाविरुद्ध गेल्या कांहीं वर्षांत कायद्याचा आधार शोधला जात आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं मोटारगाड्यांच्या दुरुस्तीचा हक्क मान्य केला. न्यूयॉर्क राज्यानें डिसेंबर २०२२ मध्यें विद्युत् उपकरणांसाठीं तसाच कायदा केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें त्याच महिन्यांत, २४ डिसेंबर रोजीं, दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक माहितीस्थळ खुलें केलें. युरोपीय संघानें २०२४ सालीं दुरुस्तीसंबंधीं निर्देश संमत केला. हीं पावलें मोठीं आहेत. तरीहि त्यांचा मजकूर बारकाईनें वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. न्यूयॉर्कच्या कायद्यांत, धोक्याचें कारण असेल तेथें सुटा भाग न देतां अनेक भागांचा जोडलेला संचच देण्याची मुभा कारखानदाराला राहिली. फोनांसंबंधींच्या युरोपीय नियमांत बॅटरी, पडदा, कॅमेरा, ध्वनिवर्धक अशा भागांची यादी आहे. पण फलकावरील कणीएवढ्या रेझिस्टरला किंवा कंडेन्सरला त्या यादींत स्थान नाहीं. भागाच्या अंगावरून गेलेलें नांव कायद्याच्या पानावरहि अद्यापि आलेलें नाहीं.

दुरुस्तीसाठीं पुन्हां कांचेच्या नळ्यांकडे परतावें, असें कोणी म्हणणार नाहीं. लहानपणाचे लाभ सर्वांनींच घेतले आहेत. मागणी त्याहून पुष्कळ साधी आहे. भाग कितीहि लहान होवो, त्याचें नांव कोठें तरी, कागदावर कां होईना, लिहिलेलें असावें आणि तो कागद वस्तु घेणाराला मिळावा. रंगांच्या दहा खुणा ठरवून सर्वांना वाटून देणाऱ्या कारखानदारांनीं शंभर वर्षांपूर्वीं हें काम फारसा गाजावाजा न करतां केलें होतें. तें पुन्हां होईपर्यंत लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या माडीवर, भिंगाखालीं डोळा लावून बसलेला कारागीर ओल्या फलकावरचा कोरडा ठिपका शोधीत राहील.